वेपेरीतला खून आणि आपली भित्तिपत्रके

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला निरोप पाठवला तेव्हा विषयाचे स्वातंत्र्य दिले होते. फक्त एकच अट होती : ‘काहीतरी आपल्या चेन्नईतले सांगा, आणि झोप येईल असे नको.’ दुसरी अट पाळता येईल अशी गोष्ट शोधता शोधता मी एका खुनाशी येऊन थांबलो. बाप्पासमोर खुनाची गोष्ट सांगणे बरे का, असे आमच्या सौ.ने विचारलेच. मी म्हटले, शेवटी गोष्ट बाप्पापाशीच येणार आहे, काळजी करू नकोस.

सुरुवात मात्र खुनापासून नाही, आपल्याच मंडळापासून करतो. जुन्या सभासदांना आठवत असेल, १९८० च्या दशकात आपल्या उत्सवात भित्तिपत्रके लागत असत. अड्यारकडच्या मंडळींचे एक आणि अण्णानगरवाल्यांचे एक. मंडपाच्या दोन बाजूंना दोन मोठे कार्डबोर्ड, त्यावर सुंदर अक्षरात लिहिलेले कागद, कोपऱ्यात कुणीतरी काढलेला उंदीर. दहा दिवस रोज नवा अंक. तेव्हा घरी टीव्हीवर फारसे काही नव्हते आणि मराठी वर्तमानपत्र टपालाने चार दिवस शिळे होऊन यायचे, त्यामुळे आरतीच्या आधी आणि नंतर सगळे त्या दोन फळ्यांपाशी घोळका करून उभे असत. माझे अक्षर बरे होते, म्हणून एका पत्रकाचा संपादक मी होतो. कोणत्या बाजूचा ते सांगत नाही, नाहीतर भांडण आजही सुरू होईल.

दोन पत्रके म्हटली की स्पर्धा आली. पहिली दोन वर्षे ती स्पर्धा कविता, कोडी आणि ‘कोणाच्या उकडीच्या मोदकाला किती कळ्या’ इथपर्यंत होती. तिसऱ्या वर्षी समोरच्या फळ्यासमोर गर्दी जास्त दिसू लागली. मग आम्ही ठरवले की सनसनाटी बातमी द्यायची. दुसऱ्या दिवशी आमच्या फळ्यावर मथळा झळकला : ‘उत्सवाची वर्गणी गायब! खजिनदार सेंट्रल स्टेशनवर मुंबईच्या गाडीपाशी!’ खरी गोष्ट एवढीच होती की आमचे खजिनदारकाका त्या सकाळी मेहुणीला गाडीत बसवून द्यायला गेले होते. खाली बारीक अक्षरात ‘अधिक तपास उद्याच्या अंकात’ असे लिहिले होते. लोक खूप हसले. काकाही हसले.

समोरचे कसे गप्प बसतील? त्यांनी दुसऱ्या दिवशी ‘आमच्या खास प्रतिनिधीकडून’ म्हणून छापले : ‘खजिनदारांच्या घरी नवा फ्रिज कोठून आला?’ फ्रिज खरोखरच आला होता, हप्त्यावर. आम्ही तिसऱ्या दिवशी त्याच्यावर ताण केली. असे चार-पाच दिवस चालले. पुढे काय झाले ते शेवटी सांगतो, कारण आधी तुम्हाला वेपेरीत न्यायचे आहे.

आपल्यापैकी माझ्या वयाची पिढी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढली. काळा पहाड आणि झुंजार यांच्यामागे धावताना आम्ही शाळेचा अभ्यास बुडवला. त्या कथांत एक गोष्ट पक्की असे : शेवटच्या पानावर खुनी सापडे. मी १९७९ साली नोकरीसाठी मद्रासला आलो, तेव्हा कचेरीतल्या एका वयस्कर तमिळ सहकाऱ्याने डबा खाताना मला पहिल्यांदा लक्ष्मीकांतन खटल्याची गोष्ट सांगितली. मी उत्सुकतेने विचारले, ‘मग खुनी कोण निघाला?’ ते ताकभात कालवत शांतपणे म्हणाले, ‘ते आजवर कुणालाच कळलेले नाही.’ तेव्हापासून ही गोष्ट माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

साल १९४४. दुसरे महायुद्ध चालू होते. मद्रासवर जपानी हल्ल्याची धास्ती काही काळ इतकी होती की पुष्कळ लोक शहर सोडून गेले होते. धान्य, रॉकेल, कापड सगळ्यांची टंचाई. कागदाचीही होती. त्यामुळे नियतकालिक काढायचे तर सरकारी परवाना लागे. अशा दिवसांत लोकांना विरंगुळा होता तो सिनेमाचा, आणि तमिळ सिनेमाचा राजा होता एम. के. त्यागराज भागवतर.

भागवतर हे नाव ऐकून आपल्याला कीर्तनकार आठवतील, आणि ते चुकीचे नाही. तंजावरच्या मराठी राज्यात आपली कीर्तनपरंपरा आणि इथली संगीतपरंपरा एकमेकींत मिसळल्या, हे आपण या व्यासपीठावर अनेकदा ऐकले आहे. त्यागराज भागवतर मात्र पडद्यावरचे. जन्म १९१० चा, मायावरमचा. १९३४ साली ‘पवळक्कोडी’ चित्रपटातून ते आले आणि दहा वर्षांत त्यांनी लोकांना वेड लावले. त्यांच्या लांब केसांसारखे केस ठेवायची पोरांमध्ये फॅशन झाली होती. आपल्याकडे बालगंधर्वांच्या नावाने जे वेड होते, तेच इथे समजा.

त्यांच्याबरोबरचे दुसरे नाव एन. एस. कृष्णन. नागरकोईलचे. विनोदी नट, पण नुसते तोंड वेडेवाकडे करून हसवणारे नव्हेत. जुन्या रूढी, भोंदूगिरी यांच्यावर ते हसता हसता बोट ठेवत. पत्नी टी. ए. मधुरम यांच्याबरोबर त्यांची जोडी पडद्यावर आली की प्रेक्षक खूश. पुढे लोक त्यांना ‘कलैवाणर’ या किताबाने ओळखू लागले.

१९४४ च्या दिवाळीत या दोघांचा ‘हरिदास’ चित्रपट लागला. दिग्दर्शक होते मंगळूरकडचे सुंदरराव नाडकर्णी. कथा ऐकाल तर चकित व्हाल. बायकोच्या नादाने आईवडिलांना घराबाहेर काढणारा मुलगा, पुढे वेश्येच्या नादी लागून सर्वस्व गमावतो, पश्चात्ताप होतो, आणि मग आईवडिलांच्या सेवेत देवालाही विसरतो. म्हणजे जवळजवळ आपल्या पुंडलिकाचीच गोष्ट! महिपतीबुवांच्या ‘भक्तविजय’ ग्रंथातल्या संतकथा तमिळ देशात ‘भक्तविजयम्’ म्हणून घरोघर पोचल्या होत्या, त्याच कथांचा हा ओघ. हा चित्रपट ब्रॉडवे टॉकीजमध्ये तीन दिवाळ्या पाहून उतरला. १९४४, १९४५ आणि १९४६. हे तीन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता गोष्टीतला तिसरा माणूस. सी. एन. लक्ष्मीकांतन. तरुणपणी त्याला वकील व्हायचे होते, पण परिस्थिती नव्हती. मग तो कोर्टाच्या आवारात मध्यस्थाची कामे करू लागला. कायद्याचे ज्ञान होते, हात चलाख होता, आणि त्या चलाखीने तो खोटे दस्तऐवज करण्यापर्यंत गेला. त्याबद्दल त्याला शिक्षाही झाली. तुरुंगवास भोगून बाहेर आल्यावर त्याने १९४३ च्या सुमारास एक साप्ताहिक काढले, ‘सिनेमा तूदु’. तूदु म्हणजे आपला दूत. हा दूत कोणाचे निरोप आणत होता? नटनट्यांच्या खासगी आयुष्याचे. कोण कोणाकडे रात्री गेले, कोणाचे कोणाशी सूत आहे, कोणत्या पैसेवाल्याचे कोठे काय चालले आहे. काही खरे, काही अर्धे, काही पूर्ण रचलेले. अंक हातोहात खपू लागला. लोक चारचौघांत नाक मुरडत आणि घरी चोरून वाचत. आपल्याविषयी छापून येऊ नये म्हणून काही जण पैसे मोजत, असेही म्हणतात.

हैराण झालेल्या सिनेमावाल्यांपैकी तिघांनी पुढाकार घेतला. भागवतर, कृष्णन, आणि कोइम्बतूरच्या पक्षिराजा स्टुडिओचे निर्माते-दिग्दर्शक श्रीरामुलू नायडू. त्यांनी त्या वेळचे मद्रासचे गव्हर्नर सर आर्थर होप यांच्याकडे अर्ज केला की या पत्राचा परवाना काढून घ्या. परवाना रद्द झाला. सरळ माणूस असता तर इथे थांबला असता. लक्ष्मीकांतनने दुसरे एक पत्र हातात घेतले, ‘हिंदू नेसन’. नेसन म्हणजे स्नेही. नाव स्नेह्याचे आणि काम तेच. उलट आता त्याला त्या तिघांवर रागही होता, त्यामुळे शाई अधिकच झणझणीत झाली. सिनेमावाल्यांबरोबर शहरातले इतर प्रतिष्ठितही त्याच्या लेखणीखाली आले.

८ नोव्हेंबर १९४४. दिवाळी होऊन तीन आठवडे झाले होते, ब्रॉडवेला ‘हरिदास’ भरगच्च चालला होता. लक्ष्मीकांतन वेपेरीत आपल्या ओळखीच्या वकिलाकडे गेला होता. तिथून तो हातरिक्षाने परत निघाला. ज्यांनी त्या रिक्षा पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, माणूस ओढत असे ती रिक्षा. मद्रासमध्ये ती १९७० च्या दशकात बंद झाली. जनरल कॉलिन्स रोडवर काही जणांनी रिक्षा अडवली आणि त्याला चाकूने भोसकले. हल्लेखोर पळाले. आपण आज तिथून जातो तेव्हा शाळा, चर्च, दुकाने, वाहनांची गर्दी एवढेच दिसते. त्या जागी काही पाटी नाही.

विशेष म्हणजे तो जागच्या जागी मेला नाही. जखमी अवस्थेत तो वकिलाच्या घरी परतला, तिथून त्याला सेंट्रल स्टेशनसमोरच्या जनरल हॉस्पिटलकडे नेण्यात आले. पोलिसांकडे त्याची हकिगतही नोंदली गेली. प्रथम कुणाला वाटले नाही की हा माणूस दगावेल. पण दुसऱ्या दिवशी, ९ नोव्हेंबरला, तो हॉस्पिटलमध्ये मरण पावला. दुसऱ्यांच्या भानगडींची बातमी देणारा माणूस स्वतःच शहरातली सर्वांत मोठी बातमी झाला.

डिसेंबर महिन्यात पोलिसांनी भागवतर, कृष्णन आणि नायडू यांना अटक केली तेव्हा मद्रास इलाखा हादरला. आरोप असा, की इतर काही आरोपींकडून हा खून करवण्याचा कट या तिघांनी केला. कल्पना करा, ज्याचा चित्रपट गावात तुफान चालला आहे तो नायक तुरुंगात, आणि त्याच चित्रपटातला विनोदी नटही तुरुंगात. संध्याकाळी लोक ब्रॉडवेला जाऊन त्यांना पडद्यावर बघत आणि सकाळी पेपरात त्यांच्या खटल्याच्या बातम्या वाचत.

खटला मद्रास हायकोर्टात न्यायमूर्ती मॉकेट यांच्यापुढे ज्यूरीसह चालला. बचावासाठी मोठमोठे वकील उभे राहिले, त्यात मुंबईचे कन्हैयालाल मुन्शीही होते. सरकारी बाजूचा मुख्य आधार होता माफीचा साक्षीदार. म्हणजे जो स्वतः कटात होतो म्हणतो आणि शिक्षेतून सुटण्यासाठी इतरांविरुद्ध बोलतो, तो. मे १९४५ मध्ये निकाल लागला. ज्यूरीचे एकमत झाले नव्हते, बहुमताने निर्णय झाला. नायडू निर्दोष सुटले. भागवतर आणि कृष्णन यांना जन्मठेप. अपील झाले, तेही फेटाळले गेले. मग प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले. स्वातंत्र्याआधी तेच आपले शेवटचे न्यायालय होते. तिथून ते फेरविचारासाठी परत मद्रासला आले. या वेळी बचावाची बाजू मांडली व्ही. एल. एथिराज यांनी. होय, ज्यांनी १९४८ साली मुलींसाठी स्थापन केलेल्या कॉलेजात आपल्यापैकी काहींच्या लेकी शिकल्या, तेच एथिराज. एप्रिल १९४७ मध्ये न्यायमूर्ती हॅपेल आणि शहाबुद्दीन यांनी पुरावा विश्वास ठेवण्यासारखा नाही असे ठरवून दोघांना निर्दोष सोडले.

अटकेपासून सुटकेपर्यंत सव्वादोन वर्षांहून अधिक काळ गेला. आता ते तीन आकडे आठवा. १९४४, १९४५, १९४६. ‘हरिदास’ने ज्या तीन दिवाळ्या पाहिल्या, त्यातली फक्त पहिली त्याच्या नायकाने निर्वेधपणे पाहिली.

सुटल्यावर काय? कृष्णन यांनी पुन्हा उभारी धरली. चित्रपट काढले, लोकांनी त्यांना पुन्हा डोक्यावर घेतले, दानशूर म्हणून नाव झाले. १९५७ साली ते गेले. टी. नगरमध्ये त्यांचा पुतळा उभारला गेला, त्याचे अनावरण जानेवारी १९६९ मध्ये मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी आजारी असतानाही केले. भागवतरांचे मात्र तसे झाले नाही. अटकेनंतर हातातले करार गेले, पैसा गेला. सुटकेनंतर त्यांनी ‘राजमुक्ती’ चित्रपट काढला. नाव बघा कसे, आणि त्याचे चित्रीकरण झाले आपल्या पुण्यात, प्रभात स्टुडिओत. १९४८ मध्ये तो आला आणि पडला. नंतरचेही चालले नाहीत. गळा तोच होता, पण काहीतरी तुटले होते. १ नोव्हेंबर १९५९ रोजी, वयाच्या पन्नाशीआधीच ते गेले.

मग खून कोणी केला? माझ्या त्या सहकाऱ्याने सांगितले तेच उत्तर आजही आहे. कायद्याच्या दृष्टीने हा खून उलगडलेलाच नाही. तर्क अनेक निघाले. कोणी म्हणे त्याने ज्यांच्यावर लिहिले अशा दुसऱ्या कोणा पैसेवाल्याचे काम. कोणी म्हणे त्याचे वैयक्तिक भांडण होते. मी त्यात पडत नाही, कारण आपल्यापाशी पुरावा नाही आणि लक्ष्मीकांतनची चूक आपण करायची नाही.

पण हा खून उलगडला का नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. मला असे वाटते की त्याचे उत्तर लक्ष्मीकांतनच्या अंकांतच आहे. अर्नाळकरांच्या गोष्टीत खुनी सापडतो, कारण मेलेल्या माणसाचे वैरी चार-पाच असतात. इथे प्रत्येक आठवड्याला नवे वैरी तयार होत होते. त्याने ज्यांच्यावर लिहिले, त्या सगळ्यांकडे कारण होते. शिवाय दुसरी गोष्ट. इतके दिवस खरे आणि खोटे एकाच शाईत छापून त्याने वाचकांची अशी सवय करून ठेवली होती, की कोणाहीविषयी काहीही ऐकले तरी लोक म्हणत, ‘असेल बुवा, आगीशिवाय धूर निघत नाही.’ त्याच सवयीने लोकांनी भागवतरांविषयीही म्हटले, ‘असेल बुवा.’ निर्दोष सुटल्यावरसुद्धा ते ‘असेल बुवा’ त्यांच्यामागून गेले नाही. ज्या माणसाने शहरभर संशय पेरला, त्याच्या स्वतःच्या खुनाला शेवटी न्याय मिळाला नाही, कारण त्या पिकातून सत्य वेगळे काढणे कोणाला जमलेच नाही. त्याच्याविषयी मला राग येतो, पण कीवही येते. भर रस्त्यात माणसाला भोसकावे असा कोणताही अंक असू शकत नाही.

आपण मराठी माणसे म्हणू, हे इथले झाले, आपल्याकडे टिळक-आगरकरांची परंपरा. ती आहेच, पण त्यांची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू होऊन वर्षही झाले नव्हते तेव्हा कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होत असल्याचे लेख त्यांत आले. कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर आरोप होते, आणि आधार होता काही पत्रांचा. बर्व्यांनी फिर्याद केली, आणि ती पत्रे बनावट निघाली! संपादकांनी माफी मागितली तरी १८८२ च्या जुलैत शिक्षा झाली, आणि टिळक व आगरकर १०१ दिवस मुंबईला डोंगरीच्या तुरुंगात राहिले. त्या छत्रपतींचा अंत पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८३ मध्ये, अहमदनगरला देखरेखीवरच्या गोऱ्या शिपायाबरोबरच्या झटापटीत झाला, आणि त्याविषयीचा लोकांचा संशय कधीच पुरता फिटला नाही. म्हणजे राजाचा छळ होतो आहे ही काळजी पोकळ नव्हती, पण हातातला कागद खोटा होता. हेतू कितीही चांगला असला तरी खोट्या कागदाने खऱ्या दुःखाची बाजू लंगडी होते. आगरकरांनी तुरुंगातल्या त्या दिवसांवर पुस्तक लिहिले. त्यांनी चूक पचवली, तुरुंग भोगला, आणि पुढे आयुष्यभर जे लिहिले ते स्वतःच्या नावाने, छातीठोकपणे लिहिले. त्यासाठी जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहायची वेळ आली, तीही त्यांनी पाहिली. लक्ष्मीकांतन आणि आगरकर, दोघांनाही लेखणीमुळे शत्रू मिळाले. फरक एवढाच की आगरकर चुकले तर त्याची किंमत ते स्वतः देत, आणि लक्ष्मीकांतनच्या लिखाणाची किंमत दुसऱ्यांनी दिली. शेवटी त्याने स्वतःही दिली.

आणखी एक उदाहरण मुंबईचे, ते तर बऱ्याच जणांना ठाऊक आहे. एप्रिल १९५९ मध्ये नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने आरोपीची बाजू अशी लावून धरली की मुंबईत तो नायक झाला. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने त्याला निर्दोष म्हटले, हायकोर्टाने तो निर्णय उलटवला आणि जन्मठेप दिली. तिथे गोळी कोणी झाडली हे सर्वांना माहीत होते, तरी पत्रांनी मारलेल्या माणसाला दोषी ठरवले. मद्रासमध्ये चाकू कोणाचा हे कोणालाच माहीत नव्हते, तरी पत्राच्या वाचकांनी दोषी आधीच ठरवला होता. दोन्ही ठिकाणी निकाल कोर्टाआधी फळ्यावर लागला.

फळा म्हटले, आता आपल्या फळ्याकडे परत येतो. आमच्या खजिनदारकाकांची गोष्ट अर्धी राहिली आहे.

उत्सव संपला, विसर्जन झाले, भित्तिपत्रके रद्दीत गेली. महिन्याभराने वार्षिक सभा झाली. काकांनी हिशेब मांडला. दरवर्षी ‘मंजूर’ म्हणून टाळ्या होत. त्या वर्षी एका सभासदाने पावत्या बघायला मागितल्या. सहज, असे तो म्हणाला. मग दुसऱ्याने मागितल्या. मागच्या रांगेत कोणीतरी हळूच ‘फ्रिज’ म्हणाले आणि खसखस पिकली. काका काही बोलले नाहीत. त्यांनी पिशवीतून पावत्यांचा गठ्ठा काढला, एकेक पावती टेबलावर मांडली. नारळ, फुले, मांडववाला, रिक्षाभाडे, सगळे. हिशेब पैशापैशाला जुळला. शेवटी त्यांनी कपाटाची किल्ली अध्यक्षांपुढे ठेवली, नमस्कार केला आणि निघून गेले. पुढल्या वर्षी ते उत्सवाला आले नाहीत. त्याच्या पुढल्या वर्षीही नाही. मग निवृत्त होऊन सांगलीकडे गेले.

त्या सभेत मी होतो. मथळा माझ्या अक्षरात होता. मी उठून ‘ही आमची थट्टा होती, यात काडीचेही सत्य नाही’ असे म्हणायला हवे होते. मी खाली मान घालून बसलो, कारण बोललो असतो तर समोरच्या पत्रकवाल्यांनी हसले असते, असे मला वाटले. वय तिशीचे होते, पण अक्कल तेवढीच.

बारा-तेरा वर्षांनी एका लग्नासाठी सांगलीला जायचा योग आला. पत्ता शोधत काकांकडे गेलो. काकूंनी चहा केला. फ्रिज तोच होता, स्वयंपाकघरातून दिसत होता. मी कसाबसा विषय काढला आणि म्हटले, ‘काका, त्या वेळी आमचे चुकले.’ ते हसले. म्हणाले, ‘अहो, तुम्ही लिहिलेत त्याचे मला काही वाटले नाही. पहिल्या दिवशी मीही हसलोच की. पण तुम्ही सगळे मला इतकी वर्षे ओळखत होता. सभेत एकाने तरी म्हणायचे होते की हे खरे नाही.’ मग विषय बदलून त्यांनी मला विचारले, मंडळाची मूर्ती हल्ली कुठून आणता?

तो चहा अजून माझ्या घशाखाली नीट उतरलेला नाही. काका आता नाहीत. त्यांचे नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण ते त्यांना आवडले नसते. पण जुन्यांना ते कळले असेल. आज मी जे बोलतो आहे ते त्या वार्षिक सभेत बोलायचे राहून गेलेले आहे, असे समजा. इतक्या उशिरा का होईना, मंडळाच्या व्यासपीठावरून सांगतो : आमच्या फळ्यावरची ती बातमी खोटी होती, काकांचा हिशेब चोख होता.

तरुण मंडळींना वाटेल, आता भित्तिपत्रके कुठे आहेत? आहेत की. प्रत्येकाच्या खिशात आहेत. मोबाईलवर आलेला मजकूर वाचायचा, हसायचे, आणि अंगठ्याने पुढे ढकलायचा. ‘मी थोडाच लिहिला, मी फक्त पाठवला.’ लक्ष्मीकांतनचे वाचकही हेच म्हणत असणार. थट्टा करू नका असे मी अजिबात म्हणत नाही. थट्टेशिवाय मराठी मंडळ चालूच शकत नाही, ते कीर्तनाचे पथक होईल. पण ज्याची थट्टा केली तो माणूस एकटा पडताना दिसला, तर पहिल्यांदा उभे राहायचे ते थट्टा करणाऱ्याने. एवढेच मागणे आहे.

आता सौ.ला दिलेला शब्द पाळतो आणि बाप्पापाशी येतो. महाभारत लिहून घ्यायला व्यासांना लेखनिक हवा होता. गणपती म्हणाला, लिहितो, पण माझी लेखणी मध्ये थांबता कामा नये. व्यासांनी लगेच उलटी अट घातली : अर्थ समजल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही. ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो आणि बाप्पाच्या वेगाचे कौतुक करतो. मला या वयात दुसरी अट जास्त मोठी वाटते. लेखणी भरभर चालवणे कोणालाही जमते, ‘सिनेमा तूदु’लाही जमले, आमच्या फळ्यालाही जमले. समजून घेऊन मग लिहिणे, हे ज्याला जमले त्याला आपण विद्येची देवता म्हणून समोर बसवले आहे.

वेपेरीकडून कधी जाल तर जनरल कॉलिन्स रोडवर क्षणभर या गोष्टीची आठवण काढा. आणि येत्या वार्षिक सभेत खजिनदारांनी हिशेब मांडला की टाळ्या जरा जोरात वाजवा. त्यातल्या थोड्या सांगलीपर्यंत ऐकू जाऊ देत.

 गणपती बाप्पा मोरया!